यजमानांचं नाव

पौड, ११ जून १९२३

भागूच्या बापास, बायजाचा नमस्कार.

आम्ही मायलेकी धड आहोत. भागूचा खोकला गेला. हे पत्र तुरुंगात तुम्हाला जो कोणी वाचून दाखवत असेल, त्यालाही माझा नमस्कार सांगा. आणि तुमच्या आधी साहेब वाचत असेल तर त्याला काही सांगू नका.

घर उकललं. धरणवाल्यांचा माणूस वासे मोजून गेला आणि मोबदला घ्यायला चला म्हणाला. मी गेले नाही. धरणाचं काम अडवायचं म्हणून रुळांवर आडवं पडायला जाताना तुम्ही बजावलं होतंत, त्यांच्या पैशाला शिवलीस तर माझं तोंड बघू नकोस. शिवले नाही. पण मग खायचं काय, ते सांगायचं तुमचं राहून गेलं. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, असली गत करून गेलात.

शेळ्या घेऊन कासारसाईला तुमच्या बहिणीकडे गेले. राजाबाईंनी शेळ्या ठेवून घेतल्या. भागूलाही ठेव म्हणाल्या. त्यांना शेळ्यांमागे धाडायला पोरगी हवी आहे. त्यांच्या दोन्ही सुनांनी हात टेकले आहेत. मी नाही म्हटलं आणि भागूला कडेवर मारून पौडला आले.

दीनमाता मंडळाच्या दवाखान्यात आले. ज्या दारातून सात वर्षांपूर्वी तुमच्याशी पाट लावायला बाहेर पडले, त्याच दारात. त्यांचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. विधवा बाईला शिकवून नर्स करायचं, आणि तिने दुसरा घरोबा केला की नाव कमी. अशी बाई परत आली तर तिला उमेदवार म्हणून घ्यायचं, अगदी खालच्या पायरीवर. काल शिकायला आलेल्या पोरीइतका पगार, खोली नाही, ओसरीवर पथारी, आणि जवळ पोर ठेवायचं नाही. हे सारं मला पाठ होतं. तरी आले, कारण दुसरं दार नव्हतं.

तर मला माझी जुनी पायरी मिळाली आहे. पहिल्या नर्सची, पूर्वीच्या सगळ्या वर्षांसकट. मागच्या अंगणातली खोली मिळाली. भागू माझ्याजवळ निजते. कशी मिळाली हे टपालाने विचारू नका.

तुम्ही नीट खात जा. आव झाली होती तेव्हापासून तुमचं पोट नाजूक आहे.

बायजा


पौड, १९ ऑगस्ट १९२३

भागूच्या बापास,

हे पत्र टपालात टाकलं नाही. जयसिंगभावजी तुमच्या भेटीला येत आहेत, त्यांच्या हाती देते आहे. ते तुमच्याबरोबर रुळांवर होते, शेजारच्या कोठडीत होते, आता सुटले आहेत. त्यांच्यापासून काय लपवायचं? भावजी, पुढचं वाचताना घसा साफ करून हळू आवाजात वाचा. आणि मध्ये आपल्या पदरचं घालू नका, ती तुमची खोड मला ठाऊक आहे.

तुम्ही विचारून पाठवलंत, नियम असताना जुनी पायरी कशी मिळाली. घ्या, सांगते.

मंडळाच्या चिटणीसबाई नव्या आहेत. पुण्याहून महिन्यातून एकदा येतात, चष्मा लावतात, बोलायला गोड आहेत. जुन्या चिटणीसांनी माझं नाव कमी केल्याचं लिहून ठेवलं होतं, पण का ते लिहिलं नव्हतं. पाट हा शब्द लिहायची त्या गृहस्थांना लाज वाटली असेल. मी खोऱ्यातून उन्हात चालत आले होते. कपाळावरचं घामाने पुसून गेलं होतं. बांगड्या घर उकलताना वाशाखाली चुरल्या होत्या. मी जशी होते तशी त्यांच्यापुढे उभी राहिले, आणि खरं सांगते, मनात काही कपट नव्हतं.

त्यांनी विचारलं, "यजमानांचं नाव?"

आता मी नाव कसं घेणार? आजवर कधी घेतलं आहे का? मी खाली बघितलं. असं कोणी विचारलं की शेजारचा माणूस नाव सांगतो, ही रीतच आहे. दारात शिपाई गेणबा उभा होता. तो जुना माणूस, मला पहिल्या दिवसापासून ओळखणारा. पण मी तुमच्याकडे आले तेव्हा तो लढाईवर होता, त्याला पाटाचं काही माहीत नाही. त्याने आपलं भल्या मनाने माझ्या पहिल्या नवऱ्याचं सांगून टाकलं, "सावळा, बाईसाब. पलेगात गेला बिचारा."

चिटणीसबाईंनी ते लिहिलं.

तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मी उघडणारही होते. पण त्यांनी लगेच पुढचं विचारलं, "मग मधली सात वर्षं काय करत होतात?"

"खोऱ्यात होते. बाळंतपणं करत होते," मी म्हटलं.

"ते आम्हाला धरता येत नाही हो," त्या म्हणाल्या. "मंडळाच्या दृष्टीनं ते घरी बसणंच. घरात कोणी आजारी होतं का? तसं असेल तर तुमची जुनी सेवा कायम धरता येईल."

खोऱ्यातली निम्मी पोरं माझ्या हातावर आली, मैल मैल तुडवत गेले, आणि ते म्हणे घरी बसणं! मला असा राग आला की बोलवेना. तेवढ्यात गेणबा पुन्हा म्हणाला, "सासू व्हती की म्हातारी. आंथरुनाला खिळल्याली." सावळाची आई खरंच तशी होती, पण ती मी दवाखान्यात असतानाच गेली. गेणबाला तेही माहीत नाही.

"सासूबाईंची सेवा," चिटणीसबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. "मग काही अडचण नाही." आणि माझ्याशेजारी उभ्या असलेल्या भागूकडे बघून, "ही कोण?"

मी म्हटलं, "बहिणीची."

हे मात्र मीच म्हटलं. गेणबाने नाही.

मैमुना तिथेच होती, हातात उकळलेल्या कात्र्यांचं पातेलं घेऊन. पौडच्या अल्लाबक्ष अत्तारांची मुलगी. मी गेले तेव्हा उमेदवार होती, मीच तिला नाळ कापायला शिकवलं. आपल्या पाटाला ती आली होती, तिने लाडू खाल्ले होते. मी आले नसते तर पहिली नर्स तीच झाली असती. तिने माझ्याकडे बघितलं, भागूकडे बघितलं, आणि पातेलं घेऊन आत गेली. त्यावर आजपर्यंत एक शब्द बोललेली नाही.

तुम्हाला राग येईल. येऊ दे. तुम्हाला दुसरं काही सुचत असेल तर जयसिंगभावजींकडून कळवा.

बायजा


पौड, १५ नोव्हेंबर १९२३

भागूच्या बापास,

तुमचा निरोप पोचला. जयसिंगभावजींनी तीन वेळा पाणी पिऊन सांगितला. "तिला म्हनावं, सावळाचं नाव लावलंस, आता त्याच्याच नावानं रड. मी मेलो." हेच ना?

बरं झालं. मला विधवा होता येतं, मागची सवय आहे.

पण तुम्हाला ठाऊक नसेल तर ऐका, मेलेल्या नवऱ्याची विधवा होणं सोपं. जित्या नवऱ्याची होऊन बघा. बाजारात कासार बसतो तो मला बघून हात आखडता घेतो. बाळंतिणीची सुटका मी करायची, घामाघूम व्हायचं, आणि पाचवीला सटवाईची पूजा मांडली की मला बाजूला व्हायचं. मैमुनाला मान देतात, मला नाही. परवा चांदे गावाहून आलेली एक पोरगी अडली होती. पोर पायाळू. मी दोन्ही जीव सोडवले. तिच्या सासूने माझे हात धरले आणि नंतर कानात म्हणाली, "बाई, रागावू नगा, पन घुटी तुमच्या हातची नगं." मी रागावले नाही. अशा वेळी मला हसू येतं.

पाडव्याला कुणाला ओवाळायचं म्हणून भागू तबक घेऊन बसली. मी दार लावून घेतलं. तिने विचारलं, "बा कवा येनार?" मी तिला सांगितलं, असं मोठ्याने विचारायचं नाही, आणि बाहेर मला आई म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं. ती शहाणी आहे. तिने लगेच सगळं समजून घेतलं. इतकं पटकन समजून घ्यायला नको होतं.

तुम्ही मेलात असं तुम्ही म्हणता. मी तसं म्हटलेलं नाही. मी फक्त गप्प बसले. या दोन्हींत फरक आहे, आणि तो तुम्हाला कळत नसेल तर रुळांवर पडून डोक्याला मार लागला असेल.

या पत्राबरोबर जयसिंगभावजींच्या हाती घोंगडी पाठवते आहे. मेलेल्या माणसाला थंडी वाजत नसेल तर परत पाठवा.

बायजा


पौड, २० जानेवारी १९२४

भागूच्या बापास,

घोंगडी परत आली नाही, हे बघितलं.

पत्र टपालाने आहे म्हणून थोडक्यात लिहिते. मंडळाच्या सभेत माझी पायरी कायम झाली. चिटणीसबाईंनी हुकूम वाचून दाखवला, माझी सेवा अखंड धरली आहे. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मैमुनानेही केलं, आणि मग भांडी घासायला बसली.

भागू काल झोपेत "मावशी" म्हणाली. खोलीत आम्ही दोघीच होतो, दार लावलेलं होतं.

तुमची सुटका चैत्रात आहे असं कळलं. सुटलात की सरळ कासारसाईला बहिणीकडे जा. इकडे येऊ नका. इथे तुम्हाला कोण म्हणून आत घेऊ?

आलातच तर बाजाराच्या दिवशी या. गर्दीत कोण कुणाकडे बघत नाही.

बायजा


पौड, ८ एप्रिल १९२४

भागूच्या बापास,

तुमच्या-माझ्यामध्ये आत्ता एक भिंत आहे, आणि मी तुम्हाला पत्र लिहिते आहे. जगात असं कुणी केलं नसेल. पण मागच्या पडवीत तुमच्या शेजारी आणखी दोघे आजारी पडलेले आहेत, आणि पहिली नर्स परक्या पुरुषाच्या उशाशी बसून बोलू लागली तर अर्ध्या तासात पौडभर होईल. मैमुना औषध पाजायला येईल तेव्हा हे वाचून दाखवील. तिचा आवाज बारीक आहे, कान देऊन ऐका.

सकाळी बाजारकऱ्यांच्या रांगेत तुम्ही पायरीवर बसला होता, आणि मी तुम्हाला ओळखलं नाही. पायांवर सूज, डोळे आत, अंगावर माझी घोंगडी. घोंगडी ओळखली, मग तुम्ही ओळखू आलात.

कंपाउंडरने नाव विचारलं, तुम्ही सांगितलंत. गाव विचारलं. "गाव न्हाई ऱ्हायलं," म्हणालात. मग त्याने विचारलं, "मागं कोण आहे?"

मी दारात उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, आता सांगणार. सांगितलं असतंत तर मी नाही म्हटलं नसतं, हे शपथेवर सांगते. पण तुम्ही म्हणालात, "कोन न्हाई."

मग भागू आली. तिने तुम्हाला लगेच ओळखलं, माझ्यासारखं तिला घोंगडीकडे बघावं लागलं नाही. ती धावत निघाली होती. मध्येच थांबली, माझ्याकडे बघितलं आणि खांबाला धरून उभी राहिली. शिकवल्याप्रमाणे एक अक्षर बोलली नाही. तुम्ही तिच्याकडे बघितलंत आणि तोंड भिंतीकडे केलंत. तेव्हापासून ते तिकडेच आहे असं मैमुना सांगते.

तुम्ही रागावून तसं म्हणालात की आमच्यासाठी म्हणालात, ते मला कळवा. एवढं एकच कळवा. मैमुनाला सांगितलंत तरी चालेल.

आव फार जुनी झाली आहे. डॉक्टर परवा येणार. तोवर ताक आणि भाताची पेज, दुसरं काही नाही. बाजूचा माणूस भाकरी देऊ करील ती घेऊ नका. मी पेज स्वतः करते आहे. मीठ कमी वाटलं तर मुद्दाम कमी घातलं आहे.

बायजा


पौड, २ मे १९२४

भागूच्या बापास,

हे पत्र कुणाच्या हाती देऊ? जयसिंगभावजी म्हणाले, लिही आणि ठेव. लिहिते.

भागूला काल कासारसाईला पोचवलं. राजाबाईंनी भावासाठी गळा काढला, आणि मग तिच्या हातात काठी दिली. शेळ्या आपल्याच आहेत, त्यांनी तिला ओळखलं. मी आता ओसरीवर निजते, शिकायला आलेल्या पोरींच्या रांगेत. त्यांतली थोरली माझ्या निम्म्या वयाची आहे. खोली मैमुनाला मिळाली. ती रोज संध्याकाळी येऊन म्हणते, "बायजाक्का, आत चल, मी भाईर निजते." मी जात नाही. पायरी तिचीच होती, मी मध्ये बसले होते.

हे कसं झालं ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुमचं मी ऐकलं नाही.

माझं पत्र मैमुनाने तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत, आणि तिला एवढंच म्हणालात, "पायरी सोडू नगं म्हनावं." मला उत्तर मिळालं. त्या रात्री मी खोलीत भागूला पोटाशी घेऊन पडले, आणि मला वाटलं, जगेल हा माणूस. आणि जगला तर मग सगळं बघू.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात. मी आत एका बाळंतिणीपाशी होते. पोर बाहेर यायला आणि गेणबा दाराशी यायला एकच गाठ पडली. नाळ बांधली, पोर मैमुनाकडे दिलं आणि पडवीत आले.

चिटणीसबाई त्या दिवशी पुण्याहून आल्या होत्या. पाटलाचा माणूसही आला होता. "ह्याचं कोन हाय का?" त्याने विचारलं.

"कोन न्हाई म्हनाला सोता," गेणबा म्हणाला. "बेवारस हाय. दोन गडी बोलवतो, माती दिऊन टाकू."

मी म्हटलं, "हाय. मी हाय."

चिटणीसबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं. "बायजाबाई, तुमचा यांच्याशी काय संबंध?"

"माझे मालक."

"तुमचे यजमान प्लेगात गेले ना?"

"ते पहिले. हे पाटाचे. भागू यांची. सासू नव्हती आजारी. सात वर्षं मी यांच्या घरात होते."

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. मग जवळ येऊन हळू म्हणाल्या, "हे बघा, तुमचं काम मी पाहिलंय. तुम्ही कागदावर विधवा आहात. आणि आता... खरोखरीच झालात. म्हणजे लिहिलंय त्यात खोटं काही उरलं नाही. मी काही ऐकलं नाही असं समजते. माणसं त्यांना नीट नेतील. तुम्ही खोलीत जा, मुलीला घेऊन बसा."

त्या मनापासून बोलत होत्या. वाईट बाई नव्हेत. आणि खरं सांगू? मी निघाले. तुम्ही पायरी सोडू नकोस म्हणाला होता, खोली होती, भागूच्या डोक्यावर छप्पर होतं, आणि तुम्हाला आता काहीच लागत नव्हतं. मी तुम्हाला तिथे ठेवून दारापर्यंत गेले.

बाहेर ओट्यावर भागू बसली होती. गुडघे पोटाशी घेतलेले, ओठ दाताखाली धरलेला. गेणबाचं बोलणं तिने ऐकलं होतं. मला बघून ती उठली, आजूबाजूला कोणी आहे का ते बघितलं आणि हळूच म्हणाली, "मावशी, आता रडलं तर चालंल का?"

मी परत आत गेले.

चिटणीसबाईंना म्हटलं, "नाव चुकलंय. ते बदला."

"नाव बदललं की मला नियम लावावाच लागेल," त्या म्हणाल्या. "जुनी सेवा जाईल. उमेदवारी, ओसरी. मुलीला ठेवता येणार नाही. विचार करा. जे गेले त्यांना काय कळणार आहे?"

"त्यांना नाही. पोरीला कळतंय."

मी चांगलं केलं की वाईट, हे मला आजही ठाऊक नाही. काठी घेऊन शेळ्यांमागे जाणारी भागू डोळ्यांपुढे आली की वाटतं, हात दाखवून अवलक्षण केलं. कासारसाईच्या वेशीवर तिने मला "आये" म्हणून हाक मारली, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी. तेव्हा दुसरं वाटलं. दोन्ही खरं आहे, मी काय करू?

चिटणीसबाईंनी दौत पुढे ओढली. पुन्हा तेच विचारलं, "यजमानांचं नाव?"

दारात गेणबा उभा होता. या वेळी तो काही बोलला नाही, जमिनीकडे बघत राहिला. पडवीत तुम्ही घोंगडीखाली होतात. मी तुमच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "धुळाजी."

आवाज फुटला नसावा, कारण त्या म्हणाल्या, "काय म्हणालात?"

"धुळाजी," मी मोठ्याने म्हटलं.

त्यांनी ते लिहिलं. मग मी बाहेर ओट्यावर गेले आणि भागूला म्हटलं, "रड."

बायजा